वेल्डाबाईंची काडतुसं

कॅलिफोर्नियातल्या सेजक्रीक गावातली पन्नाशीच्या आतली जवळजवळ सगळी माणसं वेल्डा क्राउसला आधी पाठीवरून ओळखायला शिकली. तीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. मागे बसलेल्या पोरांना दिसायची ती तिची ताठ मान, करडी वेणी आणि आरशातले दोन डोळे. त्या डोळ्यांतून काही सुटत नसे. कुणी कुणाला चिमटा काढला, कुणी दुसऱ्याच्या डब्यातलं सँडविच लांबवलं, सगळं तिला कळे. तिच्याविषयी मात्र कुणाला फारसं ठाऊक नव्हतं, आणि तिला ते तसंच हवं होतं.

नाव द्यायचं म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडे. वाणसामानाच्या दुकानात स्वस्ताईचं कार्ड होतं, ते तिने कधी घेतलं नाही. "दोन डॉलर वाचवण्यासाठी मी कुठला साबण वापरते ते जगाला सांगू?" असं ती म्हणे. वाचनालयातली पुस्तकं ती तिथेच बसून वाची, घरी नेण्यासाठी सही करत नसे. जनगणनेचा माणूस आला तेव्हा तिने दार चार बोटं उघडून सांगितलं, "एक बाई, एक मांजर. मांजर नाव सांगायला तयार नाही." दार लावलं. माणूस पायरीवर बसून हसला आणि निघून गेला.

लोक म्हणत, बाईच्या डोक्यात खूळ आहे. ते खूळ आलं कुठून, हे फक्त ओपलला माहीत होतं.

वेल्डा आठ वर्षांची असताना गावात टेलिफोनची एकच तार सात घरांना मिळून होती. कुणाचाही फोन वाजला की बाकीच्या सहा घरांत हलकेच रिसीव्हर उचलला जाई. एकदा ती पावाला गेली, तर दुकानदारीणबाईने तिच्या हातात फुकट दोन गोळ्या ठेवल्या, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बिचारं लेकरू." गोळ्या चघळत वेल्डा घरी आली. आई कपडे वाळत घालत गाणं म्हणत होती. रात्री जेवताना वडिलांनी सांगितलं, की ते ऑरेगनला लाकडाच्या गिरणीत चाललेत आणि परत येणार नाहीत. गावाला ते तारेवरून दुपारीच कळलं होतं. आईला सगळ्यांत शेवटी. तेव्हापासून वेल्डाने मनाशी बांधून ठेवलं, की तारेवर गेलेलं आपलं राहत नाही.

एरवी बाई आनंदी. नवरा मिलफर्ड वारल्यावर ती रडली, सावरली आणि त्याच्या वडिलांची जुनी दोन नळ्यांची बंदूक घेऊन गावाबाहेरच्या मैदानावर गेली. तिथे गुरुवारी बायका जमत. यंत्रातून मातीची चकती आकाशात सुटते, ती बंदुकीने फोडेपर्यंत हात थरथरू द्यायचा नाही, एवढाच खेळ. पहिल्या दिवशी वेल्डाची एकही चकती फुटली नाही. सहा महिन्यांनी तिची एकही चुकेना.

त्या पाच जणी होत्या. वेल्डा, दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स ओपल, गोठा चालवणाऱ्या दोघी ड्रेसर बहिणी आणि पोस्टातली लुएला. दर ऑक्टोबरात त्यांचा सामना हद्दीपलीकडच्या नेवाडातल्या बकहॉर्न गावच्या बायकांशी होई, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. जिंकणाऱ्या बाजूला धूर दिलेली डुकराची अख्खी मांडी मिळे. हरणाऱ्या बाजूला वर्षभर टोमणे.

२०१९ च्या वसंतात बातमी पक्की झाली. जुलैपासून कॅलिफोर्नियात काडतूस घ्यायचं तर दुकानात ओळखपत्र दाखवायचं, दुकानदाराने ते यंत्रात घालायचं, आणि राज्याच्या राजधानीतल्या कॉम्प्युटरने हो म्हटलं तर माल हातात मिळायचा. कुणी काय नेलं त्याची नोंद तिकडे राहणार.

गुरुवारी मैदानावर त्याचीच चर्चा झाली.

"मला तर बरंच वाटतंय," ओपल म्हणाली. "ज्यांच्या हाती बंदूक जाऊ नये असे दोघेतिघे मी दवाखान्यात पाहिलेत. विचारलं तर काय बिघडलं? बिअर घ्यायला गेल्यावर वय विचारतातच की."

"बिअरवाला वय विचारतो आणि विसरतो," वेल्डा म्हणाली. "हे विसरणार नाहीत."

"तू काय लपवतेस एवढं?"

"काही नाही. काही नाही तेच माझं आहे."

ड्रेसर बहिणींपैकी धाकटी म्हणाली, "मग जूनच्या आत घेऊन टाकू ना. पाचही जणींची वर्षाची मिळून. ऑरविल घाऊक भावात देईल."

तसं ठरलं. पाचही जणींनी पैसे वेल्डाकडे दिले, कारण तिच्याकडेच पिकअप होती आणि तिच्याकडेच रिकामी खोली. ऑरविल प्रुइटचं दुकान गावाच्या वरच्या टोकाला होतं. खिळे, रंग, गळाला लावायची गांडुळं आणि बंदुका, सगळं एका छपराखाली. तो सावकाश बोलणारा लठ्ठ माणूस होता. मागणी ऐकून त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"तीस खोकी? वेल्डा, गावात बभ्रा होईल."

"म्हणून तर तुला सांगतेय. रविवारी सकाळी दे. मागच्या दाराने. सगळे चर्चमध्ये असतात तेव्हा."

"मीही चर्चमध्ये असतो."

"देव एक रविवार समजून घेईल तुला."

जूनच्या शेवटच्या रविवारी चर्चची घंटा झाली आणि रस्ता ओस पडला. वेल्डाने पिकअप उलटी घेऊन मागच्या दाराला लावली. ऑरविल धापा टाकत खोकी चढवत गेला. शेवटच्या ओळीपर्यंत गाडीचं बूड इतकं खाली गेलं की नाक आकाशाकडे उचललं गेलं.

"दोन खेपा कर," ऑरविल म्हणाला.

"दोनदा दिसायचं? नको."

वेल्डाने गाडी इंचाइंचाने उतारावर घेतली. सेजक्रीकचा मुख्य रस्ता सगळाच उताराचा आहे, वरच्या टोकापासून थेट ओढ्यापर्यंत. चर्च बरोबर मधे. वेल्डाचा हिशेब असा, की प्रवचन अजून अर्धा तास चालेल. पण पाद्रीबाबांचा घसा त्या दिवशी बसला होता. त्यांनी दोनच शब्दांत आशीर्वाद देऊन सगळ्यांना मोकळं केलं.

चर्चचं दार उघडलं, फुलाफुलांच्या झग्यांतल्या बायका आणि इस्त्रीचे सदरे घातलेले पुरुष पायऱ्यांवर आले. नेमकं तेव्हाच वेल्डासमोरून कुत्रं आडवं गेलं. तिने ब्रेक दाबला. खोकी आधी पुढे आदळली, मग तिने पुन्हा गाडी सोडली तशी मागे सरकली. मागची जुनी फळी कटकन मोडली आणि चौदा-पंधरा खोकी रस्त्यावर आली. चार-पाच फुटली. लाल, हिरवी, पिवळी काडतुसं डब्यांतून सांडली आणि टकटक आवाज करत उतारावरून ओढ्याकडे निघाली.

मग पाद्रीबाबा बसलेल्या घशाने म्हणाले, "अडवा त्यांना."

गाव धावलं. बायकांनी टाचांचे बूट काढून हातात घेतले. ओपलने आपली नवी हॅट उलटी करून तीत काडतुसं वेचायला सुरुवात केली. एक म्हातारबुवा काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि जेवढी त्यांच्या काठीशी थांबली तेवढी आपली, अशा थाटात मोजू लागले. वेल्डा गाडीतून उतरली नाही. स्टिअरिंग धरून समोर पाहत बसली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

खिडकीवर टकटक झाली. शेरीफच्या हाताखालचा पोलीस टकर होता, तोही रविवारच्या कोटात.

"वेल्डाबाई, लढाई आहे का कुठे?"

"बकहॉर्नवाल्यांशी. ऑक्टोबरात."

"एवढी लागतील?"

"टकर, तू चौथीत असताना सीटखाली बेडूक सोडलेस. मी शाळेत सांगितलं होतं का?"

टकरने टोपी सरळ केली. "नाही, बाई."

"मग?"

"मग काय. गाडी बाजूला घ्या, मी माणसं लावतो."

पण गाडी बाजूला जाईना. मागची स्प्रिंग मोडली होती. वेल्डाचं घर तिथून तिसरं. टकरने चर्चच्या पायरीपासून तिच्या ओट्यापर्यंत माणसांची रांग उभी केली आणि खोकी हातोहात सरकू लागली. पुढचं कुणी विचारायच्या आत रांगेचं टोक तिच्या घरात शिरलं होतं.

चाळीस वर्षांत जे घर कुणी आतून पाहिलं नव्हतं, त्यात अर्धं गाव येऊन गेलं. काय होतं आत? स्वच्छ भांडी, खिडकीत जिरेनियमची कुंडी, फ्रिजवर झोपलेलं मांजर. जेवणाच्या टेबलावर हजार तुकड्यांचं एक चित्र अर्धवट जुळवलेलं होतं, डोंगरातलं तळं आणि वर नुसतं निळं आभाळ. एक खोकं ठेवून परतताना पाद्रीबाबांची बायको तिथे थबकली, एक तुकडा उचलून आभाळात बसवला, मग दुसरा. जरा वेळाने खुर्ची ओढून बसली. तिच्यामागे आणखी दोघी उभ्या राहिल्या.

"तो नाही बसणार तिथे," वेल्डा दारातून म्हणाली.

"बसला," पाद्रीणबाई म्हणाल्या.

वेल्डा जवळ जाऊन वाकून पाहू लागली. बसला होता खरा. मग तिने कॉफीचं आधण ठेवलं. एकदा ठेवल्यावर सगळ्यांना द्यावीच लागली, आणि कप पुरेनात म्हणून लोणच्याच्या बरण्या धुऊन त्यांतून दिली.

रात्री ओपल तिची उलटी हॅट घेऊन आली. तळाशी उरलेली पाच-सहा काडतुसं टेबलावर ओतत म्हणाली, "राजधानीतल्या लोकांना कळू नये म्हणून केलंस. आता राजधानी सोडून सगळ्यांना कळलं."

वेल्डा आधी चिडली, मग हसू आवरेना. दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या.

जुलै लागायच्या आत चौघींनी आपापली खोकी नेली. त्यानंतर एकीने दुसरीला काडतूस द्यायचं तरी दुकानामार्फतच, असा नियम होता आणि वेल्डा नियमाला पक्की. तिचं म्हणणं कायदा मोडायचा असं कधीच नव्हतं. नाव तेवढं मागू नका, बाकी सांगाल ते करते.

पण तिचा हात सढळ. एक दिवसाआड ती मैदानावर जाई, आणि सप्टेंबर उजाडला तेव्हा शेवटचं खोकं रिकामं होऊन मांजर त्यात झोपायला लागलं. सामना महिन्यावर आला होता, तोही या वर्षी सेजक्रीकच्या मैदानावर.

दोन दिवस ती ओट्यावर बसून विचार करत राहिली. तिसऱ्या दिवशी चांगला सदरा घातला आणि ऑरविलच्या दुकानात गेली. गांडुळांच्या बरणीशी उभी राहून तिने आजूबाजूला पाहिलं, कुणी नव्हतं. मग गाडीचं लायसन्स काउंटरवर असं ठेवलं जसा कुणी दात काढून ठेवावा.

"खात्री आहे?" ऑरविलने विचारलं.

"विचार बदलायच्या आत घाल ते यंत्रात."

ऑरविलने एका बोटाने टाइप केलं. यंत्र बराच वेळ विचारात पडलं. ऑरविलने चष्मा खाली घेतला, वर घेतला.

"वेल्डा, नाही म्हणतंय."

"का? मी काय केलंय?"

"काही केलं नाहीस म्हणून. सोपी तपासणी कशी चालते बघ. तुझ्या नावावर बंदूक नोंदलेली असेल तर ते लायसन्स तिच्याशी ताडून बघतात. तुझी बंदूक मिलफर्डच्या वडिलांची. त्या काळी असल्या बंदुकांची नोंद ठेवतच नसत. त्यांच्या लेखी बंदूकवाली वेल्डा क्राउस नाहीच."

वेल्डाने काउंटर धरला. "पुन्हा सांग."

"तू त्यांच्या यादीत नाहीस."

"अजिबात?"

"अजिबात. आता दुसरी रीत आहे, मोठी चौकशी. पैसे जास्त, काही दिवस लागतात, सगळं नव्याने लिहून द्यायचं. मग मिळतील. भरू?"

ऑरविल पुढे कित्येकदा सांगे, की सांताक्लॉज बघितलेल्या पोरीसारखा बाईचा चेहरा झाला होता. तिने लायसन्स उचललं, सदऱ्याला पुसलं आणि खिशात घातलं.

"सदुसष्ट वर्षं जपलंय, ऑरविल. चार काडतुसांसाठी घालवू? गळाची गांडुळं दे एक डबा."

"तू मासे पकडत नाहीस."

"तुझा वेळ घेतला म्हणून."

आनंद घरी येईपर्यंत टिकला. मग आठवलं, सामना तर खेळायचाय आणि हात रिकामे. तिने पिकअप काढली, कोरड्या तळ्यावरून पूर्वेला गेली, हद्द ओलांडली आणि बकहॉर्नच्या मैदानावर पोचली. नेवाडात असला नियम नव्हता. तिथल्या बायकांची म्होरकी मायते नावाची, स्पेनकडून आलेल्या बास्क मेंढपाळांच्या घराण्यातली, आवाज दरीपलीकडे जाईल असा. वेल्डाने रोख पैसे टाकले, डबे घेतले, सगळे तिथेच उडवले. बाहेर घेतलेलं काडतूस आत आणायलाही कायद्याने बंदी, म्हणून एकही हद्दीच्या अलीकडे आणायचं नाही, हे पक्कं. एकदा अर्ध्या वाटेत तिला जाकिटाच्या आतल्या खिशात एक सापडलं, तर गाडी वळवून अकरा मैल मागे जाऊन ते मायतेच्या हातात देऊन आली.

"फेकून द्यायचंस की," मायते म्हणाली.

"रस्त्यावर काडतूस फेकतं का कुणी?"

"तू आमच्याकडूनच का खेळत नाहीस? असंही इथेच असतेस. आमची एक जण खांदा धरून बसलीये. मटणाचा रस्सा रोज मिळेल."

वेल्डा गाडीत जाऊन बसली. पण रस्सा खरंच चांगला होता.

सेजक्रीकला आठवड्यातून तीनदा पूर्वेला जाणारी पिकअप दिसल्याशिवाय कशी राहील? लुएलाने पोस्टात सांगितलं, की वेल्डाने तिकडे कुणी गडी धरलाय. ड्रेसर बहिणी म्हणाल्या, गडी नाही, फितुरी आहे. गुरुवारी वेल्डा मैदानावर येईना, तेव्हा ओपल स्वतः उठून तिच्या ओट्यावर आली. बसली नाही.

"तिकडे काय आहे तुझं?"

"माझं आहे काहीतरी."

"पंधरा वर्षं तुझ्या शेजारी उभी राहून नेम धरलाय मी. मला नाही सांगायचं?"

"सगळ्यांनाच सगळं सांगायचं असतं का, ओपल?"

"नाही. सगळ्यांना नाही." ओपलचा आवाज बारीक झाला. "तुझ्या टेलिफोनच्या तारेची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली?"

ती पायऱ्या उतरून गेली. वेल्डा बसून राहिली. रागावलेली माणसं तिने बसमध्ये खूप पाहिली होती, त्यांना शांत करणं सोपं. आपलं माणूस दुरावून निघून जाताना पाहणं तिला जमत नसे. आठ वर्षांची असताना एकदा पाहिलं होतं तेवढं पुरे होतं.

मांजराला बाजूला सारून तिने चपला घातल्या आणि ओपलच्या घरी गेली. तिथे बाकीच्या तिघीही बसल्या होत्या, म्हणजे विषय तीच होती. वेल्डा दारात उभी राहिली. दोन्ही हात कमरेवर ठेवले, मग काढले.

"माझी काडतुसं संपली," ती म्हणाली. "दुकानात गेले होते नाव द्यायला. कॉम्प्युटर म्हणाला, अशी बाईच नाही. मला आनंद झाला. पुढची चौकशी मला करवत नाही. म्हणून तिकडे जाऊन सराव करते. त्यांनी मला आपल्यात बोलावलंय, मी हो म्हटलं नाही. पण इथल्या मैदानावर मी खेळू शकत नाही. झालं. सगळं सांगितलं."

एका दमात ती कधी इतकं बोलली नव्हती. मग लुएला म्हणाली, "म्हणजे गडी नाही?"

"नाही."

"अरेरे," लुएला मनापासून म्हणाली.

ओपलने खुर्ची पुढे सरकवली. "बस. अशी बाईच नाही म्हणाला?"

"अजिबात नाही म्हणाला."

थोरली ड्रेसर बहीण हसायला लागली आणि तिचं हसू थांबेना. "अगं, तीस वर्षं तुझ्या बसमध्ये पोरं ओरडली ती काय भुताच्या नावाने?"

वाट ओपलनेच काढली. सामना हलवायचा. या वर्षीही आणि पुढेही, बकहॉर्नलाच. काडतुसं तिथेच घ्यायची, तिथेच उडवायची, म्हणजे वेल्डाला अडचण नाही आणि कायद्यालाही नाही. तिने मायतेला फोन लावला. मायतेचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आमच्याच मैदानावर? दर वर्षी? वारा आमच्या ओळखीचा, ऊन आमच्या ओळखीचं. यात तुमचा काय फायदा, ओपल?"

"वेल्डा आमच्याकडून खेळेल हा."

पलीकडून मायते म्हणाली, "मग चेरीचे केक तुम्ही आणायचे. कायमचे."

"किती?"

"खाऊन संपणार नाहीत इतके."

ऑक्टोबरात पाच जणी आणि नऊ केक पिकअपमधून हद्दीपार गेले. पिकअपची फळी टकरने नवी बसवून दिली होती, पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी वारा आडवा होता, चकत्या भलतीकडे वळत होत्या. ड्रेसर बहिणी एकमेकींवर ओरडत खेळल्या. वेल्डाची पंचवीस चकत्यांतली एकही चुकली नाही. शेवटची चकती ओपलची होती. ती उडाली, ओपलने बार काढला, आणि चकती अखंड, आपल्या मजेत, झुडपात जाऊन पडली. सेजक्रीक एका चकतीने हरलं.

ओपल बंदुकीच्या नळ्या उघडून उभी राहिली. "सूर्य डोळ्यात आला."

"सूर्य पाठीमागे आहे," वेल्डा म्हणाली.

"मग म्हातारपण डोळ्यात आलं."

मायतेने मांडी जिंकली आणि तिथेच कापायला घेतली, कारण एवढी एकट्या बकहॉर्नला पचणार नव्हती. लांब टेबलावर मांडी, रस्सा, पाव, तांबडी वाइन आणि नऊ केक मांडले गेले. दोन्ही गावच्या बायका संध्याकाळपर्यंत बसल्या. परत येताना कोरड्या तळ्यावर धूळ उडत होती, लुएला मागच्या सीटवर घोरत होती, आणि ओपल वेल्डाला पुन्हा पुन्हा पटवत होती की ती चकती जरा चिरली होती, तिने स्वतः पाहिलं. वेल्डा दर वेळी "हो" म्हणत होती.